मुलीचा होकार आणि आईची साक्ष: कॉन्सुएलो व्हँडरबिल्टच्या लग्नाचं प्रकरण

१९२६ साली लंडनच्या साउथवर्क धर्मप्रांताच्या कॅथलिक न्यायासनापुढे एक अर्ज आला. अर्जदार बाई कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट, वय ४९. ज्या लग्नाबद्दल अर्ज होता ते तीस वर्षांपूर्वी झालेलं, त्यातून दोन मुलगे झालेले, आणि मुलकी कायद्याने घटस्फोट होऊनही पाच वर्षं उलटलेली. तरी बाईंची मागणी होती की ते लग्न मुळात झालंच नव्हतं असं ठरवावं. कारण एकच दिलं होतं: लग्नाच्या वेळी मुलीवर बळजबरी झाली होती.

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची साक्ष अर्जदाराच्या सख्ख्या आईची. वय ७३. तिने काही लपवलं नाही. आपल्या मुलीवर आपली पूर्ण हुकमत होती, आपण हुकूम सोडला की त्यावर चर्चा होत नसे, आणि मार्लबरोच्या ड्यूकशी (ड्यूक म्हणजे इंग्लंडातला सर्वांत वरच्या दर्जाचा उमराव) लग्न कर म्हणून आपण तिला विनवलं नाही, तर हुकूम केला, असं तिने नोंदवलं.

कौटुंबिक वादांच्या वकिलीत माझी बरीच वर्षं गेली. ‘आम्ही तिला विचारूनच ठरवलं होतं’ हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की, एखादी आई आपण होऊन उलट सांगते हे वाचल्यावर मी त्या कागदांपाशी थांबले. अब्जाधीश घरातल्या मुलीचं दुःख ते काय, असं कुणी विचारेल. मला हे प्रकरण मोलाचं वाटतं ते याचसाठी. इथे गरिबी नाही, अशिक्षितपणा नाही, मारहाण नाही, मुलगी अठरा वर्षांची आहे आणि तिने तोंडाने ‘हो’ म्हटलंय. जबरदस्तीची आपण जी चिन्हं शोधतो त्यातलं एकही इथे नाही. मग जबरदस्ती होती कुठे?

दोन घरं

कॉन्सुएलोचा जन्म न्यूयॉर्कमध्ये २ मार्च १८७७ चा. त्याच वर्षी तिचे पणजोबा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट वारले. होड्यांवरून माणसं पलीकडे पोचवण्यापासून सुरुवात करून आगबोटी आणि मग रेल्वे असा त्यांचा प्रवास. मागे ठेवलेली मालमत्ता सुमारे दहा कोटी डॉलर. मुलाने, म्हणजे कॉन्सुएलोच्या आजोबांनी, ती आठ वर्षांत दुप्पट केली. पैसा अमाप, पण न्यूयॉर्कच्या जुन्या घराण्यांच्या लेखी हे लोक नवश्रीमंत. त्यांच्या दिवाणखान्यात व्हँडरबिल्टांना पाट मांडलेला नव्हता.

तो मांडून घेतला अल्वाने, कॉन्सुएलोच्या आईने. ती दक्षिणेतल्या अलाबामातली. यादवी युद्धानंतर तिच्या माहेरचं वैभव ओसरलं होतं आणि पैसा गेला की माणसं कशी पाठ फिरवतात हे तिने कोवळ्या वयात पाहिलं होतं. मार्च १८८३ मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवरच्या नव्या घरात तिने असा थाटाचा वेषांतर-नृत्यसमारंभ केला की, त्या जुन्या घराण्यांच्या म्होरक्या आणि आजवर तिची दखल न घेणाऱ्या मिसेस ॲस्टरना आपल्या मुलीला आमंत्रण मिळावं म्हणून तिच्या दारी भेटकार्ड पाठवावं लागलं. पुढे न्यूपोर्टच्या समुद्रकाठी तिने ‘मार्बल हाउस’ बांधलं. त्यावर एक कोटी दहा लाख डॉलर खर्च झाले असं सांगतात. त्यातले सत्तर लाख नुसत्या संगमरवराचे.

मुलगीही तिने अशीच घडवायला घेतली. तिचं नाव एका मैत्रिणीवरून ठेवलेलं, आणि ती मैत्रीण मँचेस्टरच्या ड्यूकच्या घराण्यात दिलेली, म्हणजे बारशातच दिशा ठरलेली. कॉन्सुएलोने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहिलंय की अभ्यासाला बसताना पाठ ताठ राहावी म्हणून तिच्या पाठीला लोखंडी सळई बांधत. एक पट्टा कमरेला, एक खांद्यांवरून आणि एक कपाळावरून. वाचायचं तर पुस्तक डोळ्यांसमोर उचलून धरायचं. कपडे आई निवडणार, पुस्तकं आई निवडणार. एकदा मुलीने स्वतःचं मत सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं: विचार मी करते, तू सांगितलेलं करायचं. लग्नाचा होकार घेण्याची पूर्वतयारी अशी बारा-चौदा वर्षं आधीपासून चालू होती, आणि पुढचं सगळं समजून घ्यायला ही सळई ध्यानात ठेवावी लागते.

आता दुसरं घर. ऑक्सफर्डजवळ वुडस्टॉकला ब्लेनिम पॅलेस आहे. १७०४ च्या ब्लेनिमच्या लढाईत फ्रेंचांचा पराभव केल्याबद्दल मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकला राष्ट्राने दिलेलं हे बक्षीस. राजवाडा असा की त्याची डागडुजीच एखाद्या घराण्याला खाऊन टाकील. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तेच चाललं होतं. १८७५ मध्ये कोरीव रत्नांचा प्रसिद्ध संग्रह विकला, १८८१ पासून सन्डरलँड ग्रंथालय लिलावात गेलं, १८८५ मध्ये राफाएलचं एक चित्र नॅशनल गॅलरीने ७०,००० पौंडांना घेतलं. आधीच्या ड्यूकने दुसरं लग्न केलं तेही एका श्रीमंत अमेरिकन विधवेशी, आणि तिच्या पैशाने घरात काही सोयी झाल्या. १८९२ मध्ये तो वारला आणि एकविशी नुकती गाठणारा मुलगा चार्ल्स नववा ड्यूक झाला. घरात त्याला ‘सनी’ म्हणत, ते सन्डरलँड या किताबावरून. स्वभावावरून नव्हे.

ही उतरती कळा उधळपट्टीमुळे आली हे अर्धंच खरं. उमरावांचं उत्पन्न म्हणजे कुळांकडून येणारा खंड, आणि खंड गव्हाच्या भावावर. कॉन्सुएलो जन्मली त्या वर्षी इंग्लंडात गव्हाच्या एका क्वार्टरला, म्हणजे साधारण २१८ किलोंना, ५६ शिलिंगांच्या वर भाव होता. तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, १८९४ मध्ये, तो २२ शिलिंग १० पेन्सवर आला. का? अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात पिकलेला स्वस्त गहू रेल्वेने बंदरावर आणि तिथून आगबोटीने लिव्हरपूलला येऊ लागला म्हणून. न्यूयॉर्क बंदराकडे तो माल आणणाऱ्या मोठ्या मार्गांपैकी एक होता न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वे, व्हँडरबिल्टांची. ज्या रुळांनी ब्लेनिमची मिळकत आटवली, त्याच रुळांचा पैसा ब्लेनिमला वाचवायला सुनेच्या पदरी बांधून येणार होता.

१८९५ चा उन्हाळा

मार्च १८९५ मध्ये अल्वाने नवऱ्यापासून घटस्फोट घेतला. त्या काळी तिच्या वर्गातल्या बाईने असं करणं म्हणजे वाळीत पडणं. चर्चमध्ये ओळखीच्या बायका तिच्याकडे पाहीनाशा झाल्या. मुलगी डचेस झाली तर तिच्या आईसाठी कुणाला दार लावता येणार नव्हतं. अल्वाच्या घाईमागे हे कारण होतं असं मला वाटतं, मात्र तेवढंच नव्हतं. इंग्लंडात मोठ्या घराण्यातल्या बाईला सार्वजनिक जीवनात काम आणि वजन असतं, अमेरिकेत श्रीमंताची बायको नुसती शोभेची, असं तिचं प्रामाणिक मत होतं. आपण मुलीला आयुष्य देतोय अशी तिची खात्री होती. बळजबरी करणारी आई बहुतेक वेळा अशीच खात्री बाळगून असते, आणि म्हणून तिच्याशी वाद घालणं इतकं अवघड जातं.

कॉन्सुएलोचं मन होतं विन्थ्रॉप रदरफर्डवर. तो न्यूयॉर्कच्या जुन्या, सधन घराण्यातला. ‘मुलगा गरीब होता’ ही सबबही इथे चालत नाही. तिच्या अठराव्या वाढदिवसाला सगळी मंडळी सायकली घेऊन रिव्हरसाइड ड्राइव्हवर गेली होती. दोघं थोडी पुढे निघाली तेवढ्यात त्याने विचारलं आणि तिने होकार दिला. तिच्या आयुष्यातला तो पहिला होकार, आणि तो गुप्त ठेवावा लागला.

मग काय झालं ते क्रमाने सांगते, कारण धर्मन्यायासनापुढे हाच पुरावा होता. आई मुलीला युरोपला घेऊन गेली. रदरफर्डची पत्रं तिच्या हाती पडू दिली नाहीत, तिची त्याच्यापर्यंत जाऊ दिली नाहीत. इंग्लंडात ब्लेनिम दाखवून आणलं. उन्हाळ्यात न्यूपोर्टला परतल्यावर मार्बल हाउसमध्ये जवळजवळ नजरकैद: दारावर पहारा, भेटीगाठी बंद. मुलीने एकदा धीर करून सांगितलं की माझा नवरा निवडायचा हक्क मला आहे. त्यावर आईने रदरफर्डच्या चारित्र्यावर आणि त्याच्या घराण्यात वेड असल्यावर नाही नाही ते ऐकवलं. तो समोर आला तर मी त्याला गोळी घालीन, मला फाशी होईल आणि त्याला जबाबदार तू असशील, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई अंथरुणाला खिळली. आईच्या एका मैत्रिणीने येऊन निरोप दिला की तिला हृदयविकाराचा झटका आलाय, तू हट्ट सोडला नाहीस तर ती वाचणार नाही. कॉन्सुएलोने मैत्रिणीलाच सांगितलं की रदरफर्डला कळवा, मी त्याच्याशी लग्न करणार नाही. थोड्याच दिवसांत आई ठणठणीत झाली.

इथे हात कुणी उगारलेला नाही. ‘तू ऐकलं नाहीस तर तुझी आई मरेल’ एवढंच सांगितलं गेलं. आपल्याकडच्या किती लग्नांना हे एवढंच पुरलंय, ते वाचणाऱ्यांनी आपापल्या घरात आठवून पाहावं.

ऑगस्टच्या शेवटी मार्बल हाउसमध्ये ड्यूकच्या सन्मानार्थ मोठा नृत्यसमारंभ झाला. पुढच्या महिन्यात, घरातल्या गॉथिक धाटणीच्या अंधाऱ्या खोलीत ड्यूकने मागणी घातली. कॉन्सुएलो वर जाऊन आईला सांगून आली. भावांना सांगितलं तेव्हा अकरा वर्षांचा हॅरल्ड म्हणाला की तो तुझ्याशी पैशासाठी लग्न करतोय. ती रडू लागली. घरात खरं बोलणारं ते एकच माणूस, आणि ते पोर होतं.

याद्या

ड्यूकचा वकील समुद्र ओलांडून आला आणि देण्याघेण्याची बोलणी झाली. आपल्याकडच्या याद्यांमध्ये आणि या करारनाम्यात फरक इतकाच की हा छापून आला. बीच क्रीक ही पेनसिल्व्हेनियातला कोळसा वाहणारी रेल्वे. तिचे ५०,००० शेअर, किंमत २५ लाख डॉलर. त्यांवर ४ टक्के परताव्याची हमी न्यूयॉर्क सेंट्रलची. म्हणजे वर्षाला एक लाख डॉलर, ड्यूकच्या हयातीपर्यंत. शिवाय नवराबायको दोघांना स्वतंत्र वार्षिक नेमणूक.

इंग्लंड-अमेरिकेत याला सेटलमेंट म्हणतात, आणि तिथले लेखक हुंडा शब्द वापरतात तो फक्त आपल्याबद्दल लिहिताना. मी इथे हुंडाच म्हणेन. मुलगी देताना मुलीकडच्यांनी वराला द्यायची, आधी लेखी ठरलेली रक्कम, आणि ती ठरल्याशिवाय लग्न उभं राहत नाही: याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. एक गोष्ट मात्र वेगळी होती आणि ती पुढे फार कामाला आली. कॉन्सुएलोच्या स्वतःच्या नावावर उत्पन्न होतं. ते तिचं स्त्रीधन. अकरा वर्षांनी ती वेगळी राहू शकली ती त्या ओळीमुळे.

लग्न ६ नोव्हेंबर १८९५ ला फिफ्थ अव्हेन्यूवरच्या सेंट टॉमस चर्चमध्ये झालं. वडील सोडले तर व्हँडरबिल्ट घराण्यातल्या जवळजवळ कुणालाही बोलावणं नव्हतं. सकाळी तिच्या खोलीच्या दाराशी नोकर उभा केला होता. कुणी आत जायचं नाही, तिनेही बाहेर यायचं नाही. ती एकटी रडत बसली. डोळ्यांची सूज उतरवता उतरवता चर्चला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. बाहेर रस्त्यावर नवरी पाहायला झुंबड उडालेली, आणि वर्तमानपत्रांनी तिच्या अंतर्वस्त्रांपर्यंतचं वर्णन छापून झालेलं. लग्नानंतर लगेच ड्यूकने तिला सांगून टाकलं की आपलं प्रेम इंग्लंडातल्या एका मुलीवर होतं, ब्लेनिमसाठी ते सोडलं.

म्हणजे बळी दोघांचाही गेला होता. ड्यूकबद्दल मला फारशी आपुलकी नाही, पण त्याच्या बाजूनेही एक घराणं, एक वाडा आणि मेलेले पूर्वज ड्यूक उभे होते. त्याला मात्र कुणी कोंडून ठेवलं नव्हतं.

नांदणं

पुढल्या वसंतात नवरी वुडस्टॉकच्या स्टेशनावर उतरली. गावकऱ्यांनी बग्गीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत राजवाड्यापर्यंत नेली. माणसांनी आपल्याला ओढावं याची तिला शरम वाटली; ती प्रजासत्ताकातून आलेली होती. आजेसासूने, म्हणजे सातव्या ड्यूकच्या विधवेने, पहिल्याच भेटीत ऐकण्याचा कर्णा कानाला लावून तिला तपासलं आणि बजावलं की तुझं पहिलं काम मुलगा देणं. त्या उपटसुंभ विन्स्टनच्या हाती घराणं जाणं सहन होणार नाही. दिवस गेलेत का, हेही विचारून घेतलं. विन्स्टन म्हणजे ड्यूकचा चुलतभाऊ विन्स्टन चर्चिल. ड्यूकला मुलगा होईपर्यंत वारसा त्याच्याकडे जाणार होता. सप्टेंबर १८९७ मध्ये जॉन झाला, पुढच्या वर्षी आयव्हर. मजा म्हणजे ज्याचा वारसा तिच्या मुलाने हिरावला, तो विन्स्टन सासरच्या माणसांत तिचा सर्वांत जिवलग मित्र ठरला.

रोजचं जगणं तिने असं लिहिलंय. रात्रीच्या जेवणाला दोघं समोरासमोर. ड्यूक ताट भरून घ्यायचा, मग ताट, काटे, पेला सगळं पुढे ढकलायचा, खुर्ची मागे सरकवायचा आणि अंगठी बोटाभोवती फिरवत पाव तास विचारात बुडायचा. मग गार झालेलं अन्न हळूहळू खायचा. बोलणं नाही. कंटाळून तिने विणकाम आणायला सुरुवात केली. बाहेर बटलर गुप्तहेरकथा वाचत बसे. एकदा शेगडी पेटवायला तिने बटलरला बोलावलं, तर तो म्हणाला, हुजऱ्याला पाठवतो. ते काम त्याच्या दर्जाचं नव्हतं. मग मीच पेटवते, असं तिने म्हटलं. ब्लेनिममध्ये एवढंच करणं बंड होतं.

आणखी एक प्रसंग मला तिच्याबद्दल फार सांगून जातो. जेवणावळींत उरलेलं अन्न गावातल्या गरिबांना वाटायची प्रथा होती, पण मटण, भाज्या, गोड सगळं एकाच डब्यात कोंबून. आजवरच्या कुठल्याही मालकिणीला त्यात काही गैर दिसलं नव्हतं. तिने प्रत्येक पदार्थ वेगळ्या डब्यात द्यायला लावला. दान तेवढंच, पण घेणाऱ्यालाही जीभ असते हे कुणाच्या तरी लक्षात आलं.

बाहेरच्या जगात ती शोभून दिसत होती. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकात राणी अलेक्झांड्रावर छत्र धरणाऱ्या चार डचेसपैकी ती एक. जानेवारी १९०३ चा दिल्ली दरबार तिने पाहुणी म्हणून पाहिला; तिथली यजमानीण मेरी कर्झन हीसुद्धा अमेरिकन श्रीमंताची लेक, १८९५ सालीच लग्न झालेली, आणि तिचं मात्र प्रेमाचं. चित्रकार सार्जंटने १९०५ मध्ये काढलेलं कुटुंबाचं भव्य चित्र ब्लेनिममध्ये आहे. त्यात चौघं एकत्र उभी आहेत. पुढच्या वर्षी नवराबायको वेगळी झाली.

तिच्या पैशातून राजवाडा मात्र सावरला. अंगणात फ्रेंच उद्यानशिल्पकार आशिल द्युशेनने नवी फरसबंदी केली, पुढे बागा आणि पाण्याचे टप्पे झाले. आज तिथे जाणारा पर्यटक जे पाहतो त्यातलं बरंच या लग्नानंतरचं आहे.

वेगळं होणं, आणि एक मुंबईचा धागा

१९०६ च्या अखेरीस दोघं वेगळी झाली. मुलांचा ताबा दोघांकडे. राजाने कळवलं की दरबारी प्रसंगांना दोघांनी एकाच वेळी येऊ नये. कॉन्सुएलो वडिलांच्या पैशाने बांधलेल्या लंडनच्या सन्डरलँड हाउसमध्ये राहू लागली आणि कामाला लागली. तुरुंगात गेलेल्यांच्या बायकांसाठी तिने धुलाई आणि शिवणकामाचं केंद्र काढलं: नवरा आत, तर घरातल्या पोरांनी खायचं काय, या एका प्रश्नातून. १९१७ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलवर साउथवर्कमधून सदस्य झाली. आईने तिच्यासाठी जे सार्वजनिक आयुष्य कल्पिलं होतं ते तिला मिळालं, पण ड्यूकचं घर सोडल्यावर.

वेगळं राहणं सोपं होतं, सुटणं अवघड. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात बायको व्यभिचारी निघाली तर नवऱ्याला तेवढ्यावर घटस्फोट मिळे, पण बायकोला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा सोडून देणं असं काहीतरी वर सिद्ध करावं लागे. हा भेद १९२३ मध्ये गेला. इथे तर दोघं करारानेच वेगळी झालेली, तेव्हा त्याने तिला सोडलं असंही म्हणता येईना. मग वकिलांनी वाट काढली. आधी काही दिवस दोघं एका छपराखाली राहिली. मग ड्यूक निघून गेला. मग तिने दावा लावला, नवऱ्याने नांदायला परत यावं म्हणून. हुकूम झाला, तो आला नाही, म्हणजे कायद्याने ‘सोडून दिली’. त्यावर हॉटेलातला व्यभिचाराचा पुरावा जोडला आणि घटस्फोट मिळाला. १९२१ मध्ये तो पक्का झाला. नवरा परत यावा अशी दोघांपैकी कुणाचीही इच्छा नसताना लावलेला हा नांदण्याचा दावा.

हा दावा आपल्या ओळखीचा आहे. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून निघालेलं हे अस्त्र मुंबई हायकोर्टात आलं आणि १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी ते आपल्या पत्नी रखमाबाईंवर चालवलं. अकराव्या वर्षी झालेलं लग्न. समजत्या वयात मी दिलेला होकार कुठे आहे, हा रखमाबाईंचा प्रश्न. त्याच १८८४ साली इंग्लंडने आपल्या कायद्यातून अशा हुकमाच्या अवज्ञेसाठी तुरुंगाची तरतूद काढून टाकली आणि अवज्ञा म्हणजे सोडून देणं असं धरलं. मुंबईत मात्र ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैद पत्करीन म्हटलं. १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. एकाच दाव्याने कॉन्सुएलोला दार उघडून दिलं आणि रखमाबाईंपुढे तुरुंगाचं दार धरलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो दावा अजून आहे. इंग्लंडने आपल्याकडचा १९७० मध्ये मोडीत काढला.

साक्षीचं वजन

४ जुलै १९२१ ला कॉन्सुएलोने झाक बाल्साँ या फ्रेंच वैमानिकाशी लग्न केलं. तिचा तो खरा संसार. पण बाल्साँचं घर कॅथलिक; घटस्फोटित बाईशी झालेलं लग्न त्यांच्या लेखी लग्न नव्हतं. तिकडे ड्यूकलाही कॅथलिक व्हायचं होतं आणि त्यानेही दुसरं लग्न केलं होतं. आधीचं लग्न मुळातूनच रद्द ठरलं तर दोघांचीही सोय होती. म्हणून १९२६ चा अर्ज.

साउथवर्कने लग्न रद्द ठरवलं, रोमच्या रोटा या वरिष्ठ न्यायासनाने ते कायम केलं. बातमी फुटली तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रोटेस्टंट धर्माधिकाऱ्यांनी संताप व्यक्त केला: आमच्या चर्चमध्ये लागलेलं लग्न तीस वर्षांनी रोमने कसं पुसायचं? मुलांच्या औरसपणाला धक्का लागला नाही. चर्चचा कायदाही अशा मुलांना औरसच मानतो.

आता वकील म्हणून प्रश्न असा की ही साक्ष विश्वासार्ह मानायची का. इथे अर्जदार, प्रतिपक्ष आणि मुख्य साक्षीदार तिघांनाही एकच निकाल हवा होता. उलटतपासणी करणारं मनापासून कुणी नव्हतं. अल्वा तेव्हा मुलीजवळ राहता यावं म्हणून फ्रान्समध्ये राहत होती. मुलीसाठी थोडं वाढवून बोलली असेल, हे नाकारता येत नाही. कॉन्सुएलोच्या आठवणी तर आणखी पंचवीस वर्षांनी आल्या, निकालाच्या बाजूने जुळवून लिहिल्या असं म्हणायला वाव आहे.

तरी मी साक्ष खरी मानते, आणि त्याचं कारण साक्षीदाराची जागा. १९०९ पासून अल्वा स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत होती. ज्या मार्बल हाउसमध्ये मुलीला कोंडलं, तिथेच तिने मताधिकाराच्या सभा भरवल्या. १९१४ च्या सभेला कॉन्सुएलोही होती. साक्षीच्या वेळी ती नॅशनल वुमन्स पार्टीची अध्यक्ष होती. स्त्रीच्या हक्कांसाठी आयुष्य वेचणाऱ्या बाईने जगापुढे कबूल करायचं की मी माझ्या एकुलत्या एका मुलीचा हक्क हिसकावला: या कबुलीतून तिला वैयक्तिक काहीच मिळणार नव्हतं, जायचं होतं ते नाव. स्वतःच्या विरुद्ध जाणाऱ्या कबुलीला पुराव्यात जास्त वजन देतात ते यासाठीच. शिवाय तिची बहीण आणि तो हृदयविकाराचा निरोप आणणारी मैत्रीण यांनीही तेच सांगितलं.

काही अभ्यासक म्हणतात, तेव्हाची प्रत्येक महत्त्वाकांक्षी आई हेच करत होती, अल्वाने वेगळं काही केलं नाही. मला ते पटतं, पण त्याने साक्ष खोटी ठरत नाही. सगळ्यांनी केलं म्हणून ती बळजबरी व्हायची थांबत नाही. आणि कॉन्सुएलो पुढे उत्तम डचेस झाली, तिला मुलगे झाले, काही दिवस सुखाचेही गेले असतील, हा युक्तिवाद तर मी आजही ऐकते: ‘नांदली ना इतकी वर्षं?’ नांदली. दुसरीकडे कुठे जाणार होती?

सर्वांत जास्त मला विचारात पाडतं ते हे की अल्वाला हे कधी कळलं. कदाचित मताच्या हक्काची भाषणं करता करता कळलं असेल, कदाचित अर्जाची तयारी करताना. मुलीने मात्र आईशी संबंध तोडले नाहीत. तिच्या आठवणींत राग आहे, तरी आईच्या कर्तबगारीचं कौतुकही आहे, आणि तिने ती दोन्ही तशीच शेजारी शेजारी ठेवलीत.

अल्वा जानेवारी १९३३ मध्ये पॅरिसमध्ये वारली. अंत्यविधी न्यूयॉर्कच्या सेंट टॉमस चर्चमध्ये झाला; १८९५ ची इमारत जळाली होती, जागा तीच. तिच्या इच्छेप्रमाणे शवपेटीबरोबर मानकरी म्हणून चालल्या त्या बायका.

कॉन्सुएलो फ्रान्समध्ये बाल्साँबरोबर राहिली, आजारी मुलांसाठी आरोग्यधाम चालवलं, १९४० मध्ये जर्मन आले तेव्हा अमेरिकेत परतली. ६ डिसेंबर १९६४ ला लाँग आयलंडवर तिने देह ठेवला. पुरायचं कुठे हे तिने सांगून ठेवलं होतं: ब्लेनिमच्या कुंपणालगत ब्लेडन गावचं छोटं चर्च, धाकट्या आयव्हरच्या शेजारी. जे लग्न झालंच नाही असं तिने ठरवून घेतलं, त्या लग्नातला तो मुलगा. सात-आठ आठवड्यांनी त्याच आवारात आणखी एक कबर खणली गेली, आजेसासूच्या त्या उपटसुंभ विन्स्टनची.